ट्यूब बदलली, बिल किती बदललं?

पुण्यातल्या आयटी पार्कांत आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या नव्या दुकानांत एलईडी कधीच रुळले. पण जुन्या व्यापारी संकुलांचे जिने, तळघरातली पार्किंग आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची ऑफिसं यांत चोक-स्टार्टरच्या ट्यूब अजूनही दिसतात. त्या बदलण्यातला फायदा कागद-पेन्सिल घेऊन काढता येतो.

३६ वॅटची जुनी ट्यूब तांब्याच्या चोकसकट ५० वॅटच्या आसपास वीज खाते. तिच्या जागी येणारी एलईडी २० वॅटवर भागवते. दोनशे ट्यूबचं ऑफिस रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस चालत असेल, तर वाचतात १८,००० युनिट. सगळे आकार मिळून युनिटला १५ रुपये धरले, तर २ लाख ७० हजार रुपये. ट्यूब आणि वायरमनची मजुरी मिळून नगाला ५०० रुपये पडले, तरी लाखाचा खर्च पाच महिन्यांत सुटतो. शिवाय दिव्यांची उष्णता एसीलाच बाहेर काढावी लागते. दिव्यांची तीन युनिटं वाचली, की एसीचं साधारण एक युनिट वाचतं.

पण कागदावरची ही बचत बिलात पुरती उतरत नाही, आणि त्याची कारणं बहुधा दिव्याच्या बाहेर असतात. काही एलईडी ट्यूब जुन्या पट्टीत चोक न काढताही पेटतात. काम झटपट होतं, पण चोक आपले वॅट खातच राहतो. तो काढून टाकायचा आणि त्या ट्यूबला चालत असेल तर सरळ लाइन द्यायची, हे वायरमनला आधीच सांगावं. दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची. उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे वॅटवर नव्हे तर व्होल्ट-अँपिअरवर, बिल येतं. स्वस्त ट्यूबचा पॉवर फॅक्टर ०.५ असेल, तर तिचे २० वॅट ४० व्होल्ट-अँपिअर ओढतात. खोक्यावरचा हा आकडा वॅटइतकाच लक्ष देऊन वाचायला हवा.

मग प्रश्न येतो, मुळात उजेड लागतो किती? आयएस ३६४६ हे भारतीय मानक ऑफिसच्या कामासाठी साधारण ३०० ते ७५० लक्स सुचवतं, मार्गिकेला ५० ते १५० लक्स पुरतात. प्रत्यक्षात मार्गिकाही टेबलांइतक्याच लख्ख ठेवल्या जातात. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत २००७ साली ऑफिसच्या दिव्यांना चौरस मीटरला १०.८ वॅटची मर्यादा होती, २०१७ साली ती ९.५ झाली. संहिता मोठ्या नव्या इमारतींसाठी आहे, पण जुन्या इमारतीलाही तीच पट्टी लावून पाहता येते. सगळ्या दिव्यांचे वॅट मोजा आणि क्षेत्रफळाने भागा.

साड्यांच्या दुकानाचं गणित वेगळं. गिऱ्हाईक साडी घेऊन दाराशी, उन्हात रंग पाहायला जातं, कारण आतल्या दिव्यात मोरपंखी आणि निळा सारखेच दिसतात. तिथे रंगदर्शकता निर्देशांक ९० च्या पुढचा दिवा लागतो. तो थोडा महाग असतो आणि तितक्याच उजेडाला थोडी जास्त वीजही घेतो. इथे एक-दोन वॅट वाचवण्यात शहाणपण नाही.

दुर्लक्षित राहतं ते बटण. बहुतेक ऑफिसांत एका बटणावर खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंतची अख्खी ओळ पेटते, म्हणून भर दुपारीही खिडकीजवळचे दिवे चालू राहतात. हडपसरचं सुझलॉन वन अर्थ संकुल वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी दिवसाचा उजेड आत खेळेल असं बेतलं. जुनी इमारत तशी नव्याने बांधता येत नाही, पण खिडकीला समांतर ओळीचं वेगळं बटण, आणि जिना, स्वच्छतागृह, पार्किंगमध्ये सेन्सर एवढं नक्की जमतं.

उतरवलेल्या ट्यूब मात्र कचराकुंडीत टाकू नयेत. त्यांत पारा असतो. ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश आहे, आणि पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत फ्लुरोसंट ट्यूब २०२७ पर्यंत हद्दपार करायचं ठरलं.

सगळ्यात अवघड गाठ पैशांची. भाड्याच्या जागेत फिटिंग मालकाचं, बिल भाडेकरूचं. खर्च करणारा एक आणि फायदा घेणारा दुसरा, म्हणून दोघंही गप्प बसतात. यावर उपाय सरकारी कामांत वापरला गेला आहे. ईईएसएल ही केंद्रीय कंपनी आधी स्वतः पैसे घालते आणि ते बचतीतून वसूल करते. खासगी इमारतीतही हाच करार मालक-भाडेकरू आपसांत करू शकतात: खर्च मालकाचा, आणि बचतीतला ठरलेला वाटा खर्च फिटेपर्यंत भाड्यासोबत त्याच्याकडे. मात्र त्यासाठी काम सुरू होण्याआधी दिव्यांच्या सर्किटला वेगळं मीटर बसवून महिनाभराचं रीडिंग दोघांच्या सहीने नोंदवायला हवं. हा आकडा हातात नसेल तर बचत झाली की नाही, यावरच भांडण होतं.