गाडी बंद पडली तर आधी काय पाहायचं आणि मग किती द्यायचं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणावरून)

आज शिवण नाही, लोणचं नाही, आज गाडीबद्दल बोलायचं आहे. हसू नका. आपल्यातल्या किती जणींच्या दारात आता जुनीपानी चारचाकी उभी आहे ते बघा. कुणी मसाल्याची पाकिटं घेऊन भिवंडीला जाते, कुणी भाजी नेते, आणि रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायची तर अख्खी वाडी त्याच गाडीकडे बघते.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी गटाकडून कर्ज काढून जुनी वॅगनआर घेतली. गाडी त्यांच्या नावावर, पण पैसा बाराजणींचा. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आम्ही तिघी मसाला घेऊन वाडा रोडने भिवंडीला निघालो. सोबत वहिनींचा दहावीतला पोरगा. वंजारपट्टी नाक्याजवळ एका दुकानाशी थांबलो, माल उतरवला, परत चावी फिरवली तर नुसतं टक-टक-टक. गाडी सुरू होईना. मागून टेम्पोवाले हॉर्न मारतायत, वरून ऊन.

जवळच्या एका गॅरेजातून मिस्त्री आला. त्याने एकदा चावी फिरवली आणि म्हणाला, "सेल्फ गेला. नवा टाकावा लागेल. चार हजार आठशे." आणि हे तो आम्हाला सांगत नव्हता, पोराला सांगत होता! गाडी वहिनींची, चालवणाऱ्या वहिनी, पैसे देणार वहिनी, आणि बोलणं दहावीच्या पोराशी.

चार हजार आठशे म्हणजे काय ते आम्हाला लगेच कळलं. आमची बचत दर महिना शंभर रुपये. बाराजणींचे बाराशे. म्हणजे बाराजणींची चार महिन्यांची बचत एका टक-टक आवाजात जाणार. वहिनी म्हणाल्या, "थांबा, विचारून सांगते." पलीकडे एका बॅटरीवाल्या चाचांचं छोटं दुकान होतं. ते आले, बॉनेट उघडलं, बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी साचली होती ती दाखवली. टर्मिनल सोडवलं, गरम पाणी ओतलं, तारेच्या ब्रशने घासलं, परत घट्ट आवळलं. वहिनींनी चावी फिरवली, गाडी सुरू. शंभर रुपये घेतले.

आता तो पहिला मिस्त्री लबाड होता की त्याने घाईत सांगितलं, हे मला ठरवता येत नाही. पण त्याने तपासलंच नव्हतं, एवढं खरं. आणि आम्हाला काही माहीत नव्हतं म्हणून आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत होतो, हेही खरं. त्यानंतर मी चाचांकडून, आमच्या भाच्याकडून, तो गॅरेजात काम करतो, विचारून विचारून जे शिकले ते आज सांगते. मिस्त्री व्हायचं नाही आपल्याला. गाडीला काय होतंय ते नीट सांगता आलं पाहिजे, एवढंच.

चावी फिरवल्यावर गाडी सुरू होत नसेल तर हेडलाइट लावा आणि परत चावी फिरवा. दिवे अगदी मंद होतात आणि टक-टक येतं, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल वा गंजलेलं आहे. दिवे झगझगीत तसेच राहतात आणि एकदाच 'टक' होऊन शांत, तर मग सेल्फवर संशय घ्यायचा. तेव्हाही लगेच नवा सेल्फ लागतो असं नाही. आतले कार्बन, बुश बदलून तो बऱ्याचदा चालतो. दिवेच लागत नाहीत, काहीच हालचाल नाही, तर बॅटरी पूर्ण उतरली असेल किंवा टर्मिनल निघालं असेल. आणि सेल्फ जोरात फिरतोय, घरघर नीट येतेय, पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी-सेल्फ दोन्ही बरे आहेत. मग इंधन किंवा स्पार्कची भानगड. सीएनजी गाडी असेल तर बटण पेट्रोलवर टाकून बघा. पेट्रोलवर सुरू झाली तर दोष गॅसच्या बाजूला, हे घरबसल्या कळलं. (आणि टाकीत पेट्रोल आहे ना, तेही बघा. सीएनजीवाल्यांच्या टाकीत पेट्रोल नावालाच असतं.)

दुसऱ्या गाडीवरून जम्पर केबल लावून आपली सुरू झाली, पण केबल काढल्यावर थोड्या वेळात परत बंद पडली, किंवा डॅशबोर्डवर बॅटरीची लाल खूण तशीच राहिली, तर बॅटरी चार्जच होत नाही. तिथे अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासायचा. नुसती नवी बॅटरी टाकली तर तीही उतरणार आणि चार-पाच हजार पाण्यात. केबल लावताना लाल टोक आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळं टोक चालू गाडीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून गॅस निघतो, तिथे ठिणगी नको.

दुसरी मोठी तक्रार, गाडी तापण्याची. आपल्या वाडा रोडला, अंजूरफाट्याला, माणकोलीला गोदामांच्या कंटेनरमागे तास-तास अडकलं की हे होतंच. काटा वर चढला की एसी बंद करा, कडेला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी नाही. आतलं पाणी कुकरच्या वाफेसारखं अंगावर येतं. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग कूलंटची बाटली बघा. आणि एक खूण लक्षात ठेवा. गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर बहुधा रेडिएटरचा पंखा फिरत नाही, म्हणजे पंख्याची मोटर, फ्यूज किंवा वायर. पळतानाही तापते, तर कूलंट गळतंय किंवा वॉटर पंप, थर्मोस्टॅट यातलं काही. "गाडी तापते" एवढंच सांगितलं तर मिस्त्री सगळंच बदलेल. "उभी असताना तापते, पंखा फिरताना दिसत नाही" असं सांगितलं तर तो थेट पंख्याकडे जाईल. पण तापलेली गाडी तशीच घरापर्यंत दामटायची नाही. काही शेकड्यांचा फुटका पाइप मग इंजिन उघडायला लावतो, आणि ते काम हजारोंचं असतं.

गाडीखाली ओल दिसली तर बोट लावून बघा. एसी लावल्यावर पडणारं स्वच्छ पाणी, त्याची काळजी नको. हिरवं किंवा गुलाबी, चिकट असेल तर कूलंट. काळं-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. चाकाशी तेलकट ओल दिसली आणि ब्रेकचा पेडल खाली जात असेल तर गाडी हलवायचीच नाही, टोचन करून न्यायची. डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीची लाल खूण पेटली तर त्याच क्षणी इंजिन बंद.

पावसाळ्यात आणखी एक. कामवारी नदीला पूर आला की भिवंडीत सखल भागात पाणी भरतं, ते आपण बघतोच. २६ जुलै २००५ तर ठाणे जिल्ह्यातलं कुणी विसरलेलं नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर चावी पुन्हा फिरवू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की आतले दांडे वाकतात. आणि अशा नुकसानीला साधा विमा सहसा पैसे देत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. ढकलून बाहेर काढा, टोचन करा.

मुंबई-नाशिक महामार्गावर बंद पडलात तर आधी धोक्याचे चारी दिवे लावा, सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा, मग १०३३ ला फोन करा. तो राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे. तिथून क्रेन, गस्तीची गाडी, रुग्णवाहिका मागता येते.

आता गॅरेज. सगळ्यात मोठी चूक आपण करतो ती ही, की पैशाचं भांडण काम झाल्यावर करतो. तेव्हा उशीर झालेला असतो. १८७२ चा भारतीय करार कायदा आहे, त्याच्या १७० व्या कलमाने ज्याने वस्तूवर कष्ट आणि कौशल्य लावलं त्याला आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. म्हणजे गाडी त्याच्या दारात आणि आपण बसस्टॉपवर. म्हणून जे बोलायचं ते पाना लावायच्या आधी.

मिस्त्रीला पार्टचं नाव सांगू नका. "क्लचप्लेट बदला" म्हटलं तर तो बदलेल, आणि दोष दुसरीकडेच निघाला तर म्हणेल, ताई, तुम्हीच सांगितलं. काय होतंय ते सांगा. थंड असताना की गरम झाल्यावर, चढावर की सपाटीला, आवाज कसा, कधीपासून. आणि काम योग्य माणसाकडे न्या. बॅटरीवाला वेगळा, वायरिंगवाला वेगळा, रेडिएटरवाला वेगळा. वायरिंगचं काम इंजिनवाल्याकडे नेलं की तो ते दुसऱ्याकडे देतो आणि मधले पैसे आपल्यावर पडतात.

तपासणीचे पैसे द्या. हे ऐकून आमच्या गटात वाद झाला होता, नुसतं बघायचे कसले पैसे म्हणून. पण दोष शोधणं हेच खरं काम आहे. फुकट तपासायला लावलं तर तो ते पैसे कुठल्यातरी पार्टातून काढणारच. शंभर-दोनशे ठरवून द्या, म्हणजे "तपासा, सांगा, मग आम्ही ठरवू" असं ताठ मानेने म्हणता येतं. मिस्त्रीलाही दुकानाचं भाडं आहे, हाताखालच्या पोरांचा पगार आहे. घासाघीस करून त्याची मजुरी तोडली की तो हलका पार्ट टाकतो. त्यात आपण काय कमावलं?

मग खर्च कागदावर किंवा व्हॉट्सअॅपवर मागा, आणि एकच मोठा आकडा घेऊ नका. पार्ट किती, मजुरी किती, तेल-कूलंट किती, बाहेरचं काम असेल तर ते किती. पार्ट कंपनीचा की लोकल, तेही लिहून घ्या. लोकल घेणं पाप नाही, पण लोकल टाकून कंपनीचे पैसे घेणं ही फसवणूक. पार्टच्या डब्यावर एमआरपी छापलेली असते, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. डबा आणि काढलेला जुना पार्ट दोन्ही परत मागा. जुना पार्ट मागणार हे आधीच सांगितलं की न बदलता बदलला म्हणायची सोय राहत नाही. बॅटरी नवी घेतली तर जुनीची किंमत बिलातून वजा करून घ्या, त्यात शिसं असतं, ती फुकट द्यायची चीज नाही. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. "ठरल्यापेक्षा जास्त काम निघालं तर आधी फोन करा" हे वाक्य बोलायचं विसरू नका. आणि मोठं काम असेल तर तीच यादी दुसऱ्या दोन गॅरेजना फोनवर वाचून दाखवा. पाचशेचा फरक चालतो. दुप्पट सांगितलं तर का, हे विचारा.

बिलात जीएसटी लावला असेल तर वर जीएसटी नंबर आहे का बघा. नंबर नसलेल्या छोट्या गॅरेजला जीएसटी घेता येत नाही. साधं सही-शिक्क्याचं बिल मात्र तोही देऊ शकतो, आणि ते घ्याच, कारण गटाच्या वहीत तेच लावायचं असतं.

शोरूमवाले कधी सांगतात, बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी गेली, आणि पार्ट आमच्याकडेच मिळेल. याच गोष्टीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला होता. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, पण आयोगाचं म्हणणं साधं होतं: पार्ट बाजारात मिळाले पाहिजेत, बाहेरच्या मिस्त्रीलाही.

इतकं करूनही फसलात तर आधी बिल, फोटो आणि जुना पार्ट घेऊन त्याच गॅरेजात जा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, हा आमचा अनुभव. नाही मिटली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक लावा, मराठीतही बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आपल्याला ठाण्याचा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. तिथे "तो म्हणाला, मी म्हणाले" चालत नाही, कागद लागतो.

वहिनींनी आता गाडीच्या कप्प्यात शंभर पानी वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, काय झालं, कुणी केलं, किती घेतले. परवा ब्रेकपॅड बदलायला गेलो तेव्हा मिस्त्रीने आकडा सांगितला, वहिनींनी वही उघडून मागच्या वेळचा वाचला. तो हसला आणि म्हणाला, "ताई, पार्ट तेव्हापासून नव्वद रुपयांनी वाढलाय, डबा दाखवतो." त्याने डबा दाखवला. खरंच वाढला होता. वहिनींनी नव्वद जास्त दिले आणि नवा आकडा वहीत लिहिला.