चढाओढ आणि नियम

मेहरूणची बोरे पिकू लागली, की आमच्याकडे शाळाशाळांतील खोखो-हुतूतूच्या सामन्यांना रंग चढे. हरलेली शाळा महिनाभर मान खाली घाली; तरी ईर्ष्येचे वैर होत नसे. याचे कारण नियमांत आहे. पूर्वी गावोगाव खेळण्याची रीत निराळी. दम तुटला की नाही, यावरच हातघाई होई. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खोखोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे छापले. नियम एक झाले, म्हणूनच जळगावच्या गड्याला धुळ्याच्या मैदानावर निर्धास्तपणे उतरता आले. एकच नियम मानणारा प्रतिपक्ष हा शत्रू नव्हे, सोबतीच होय. त्याच्यावाचून आपला दम किती, हे आपणांस कळावे कसे?