इंजिनाच्या संगणकाची जबानी

इंजिनात इंधन केव्हा आणि किती सोडावे याचा जो निर्णय एके काळी कार्ब्युरेटरच्या स्क्रूवर आणि मिस्त्रीच्या कानावर सोपविलेला असे, तो आता धातूच्या एका लहान पेटीतील संगणकाकडे गेला आहे. गॅरेजात ह्या पेटीला ‘ईसीयू’ म्हणतात. तिच्यातील आज्ञावली कधी उत्पादक स्वतः सुधारून देतो, तर कधी अधिक शक्तीच्या हव्यासाने मालक ती एखाद्या ट्यूनरकडून बदलून, म्हणजे ‘रीमॅप’ करून, घेतो. आणि पेटी बाहेरून जशीच्या तशी दिसत असल्यामुळे आत काय लिहिले गेले हे नुसत्या डोळ्यांना कळण्यास मार्ग उरत नाही.

ह्या अडचणीवर काढलेला तोडगा मला विलक्षण मार्मिक वाटतो. डॅशबोर्डाखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर जोडून विचारणा केली असता संगणक दोन उत्तरे देतो : पहिले ‘कॅलिब्रेशन आयडी’, म्हणजे आज्ञावलीचे नाव, दुसरे ‘सीव्हीएन’, म्हणजे त्या आज्ञावलीतील अक्षर न् अक्षर हिशेबात धरून काढलेला पडताळा-अंक. नाव तसेच ठेवून मजकूर बदलणे सोपे आहे. परंतु इंधनाच्या तक्त्यातील एकच आकडा हलविला तरी हा पडताळा-अंक सहसा पार बदलून जातो, आणि उत्पादकाच्या दप्तरातील नोंदीशी तो जुळेनासा होतो. कॅलिफोर्नियात १९ जुलै २०२१ पासून धूर-तपासणीच्या वेळी हीच रुजवात घालण्यात येते. आज्ञावली ना उत्पादकाची, ना तेथील वायू-संसाधन मंडळाने मंजूर केलेली असे आढळल्यास गाडी नापास होते, मग धूर कितीही स्वच्छ असो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सीव्हीएन आज्ञावलीची ओळख पटवितो, तिच्या सचोटीची हमी देत नाही. फोक्सवागनच्या ज्या डिझेल गाड्यांवर अमेरिकी पर्यावरण खात्याने १८ सप्टेंबर २०१५ रोजी नोटीस बजावली, त्यांतील आज्ञावली अस्सल, कंपनीचीच होती. प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरते सभ्य वर्तन करण्याचे तिला शिकविलेले होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी उपकरणे गाडीतच बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजला, तेव्हा कुठे ही विसंगती उजेडात आली. आपल्याकडेही पुण्याच्या ‘एआरएआय’ ह्या वाहन-संशोधन संस्थेने केलेल्या चाचण्यांनंतर, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या आज्ञावली बदलण्यासाठी परत बोलाविण्याचे जाहीर झाले. तात्पर्य, संगणकाची जबानी घ्यावी ती रीतसर, पण तिला धुराच्या मोजमापाची साक्ष जोडल्यावाचून निकाल देऊ नये.

आज्ञावलीच्या पुनर्लेखनानंतर लगेच केलेली तपासणीही पुष्कळदा अपुरी पडते, कारण त्या क्रियेत संगणकाच्या आत्मपरीक्षणाच्या नोंदी सामान्यतः पुसल्या जातात. गार इंजिन सुरू करून, शहरातून आणि मोकळ्या रस्त्यावरून गाडी चालविल्यावरच ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इत्यादींची परीक्षणे यथाक्रम पुरी होतात. त्याआधी डॅशबोर्डावरील इशाऱ्याचा दिवा न पेटणे हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती की, सर्व्हिस सेंटरात आज्ञावली बदलली गेल्यास आधीचा व नंतरचा, असे दोन्ही कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएन जॉबकार्डावर लिहून मागावेत, आणि गाडी विकेपर्यंत तो कागद जपून ठेवावा.