नंबर वाढवला म्हणजे कपडा बसतो का?

डिपार्टमेंट स्टोअरमध्ये स्त्रियांच्या कपड्यांची नवी श्रेणी येते, ती सगळ्या अंगकाठ्यांसाठी आहे अशी जाहिरात होते, आणि ट्रायल रूममध्ये ड्रेस बसला नाही की बाई दोष देते स्वतःच्या शरीराला. लेबलवरचा नंबर शास्त्रीय मोजणीतून आला आहे आणि तो सगळीकडे सारखाच असतो, हा समज त्यामागे असतो. तो खरा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली, पण गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे हिशेबातून वगळली. त्या मोजणीच्या आधारे १९५८ मध्ये प्रमाण नंबर ठरले. ते पाळण्याची सक्ती नव्हतीच, आणि १९८३ मध्ये सरकारने तेही मागे घेतले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपला तक्ता स्वतः ठरवते, म्हणूनच एकीच्या कपाटात तीन नंबरांचे कपडे असतात आणि तिन्ही तिला बसतात. आपल्याकडे तर परदेशी तक्तेच थोडेफार बदलून वापरले जातात. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) मुंबईसह सहा शहरांत २५,००० लोकांची मापे स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, तो ही उणीव भरून काढण्यासाठीच.

दुसरा समज जास्त नुकसान करतो, कारण तो कपडे बनवणाऱ्यांमध्येही आहे: लहान मापाचा नमुना सगळीकडून सारखा वाढवला की मोठ्या मापाचा कपडा तयार होतो. शरीर तसे वाढत नाही. वजन वाढले म्हणून खांद्याची हाडे रुंद होत नाहीत. एकीचे पोट वाढते, दुसरीचे दंड, तिसरीच्या मांड्या. नमुना नुसता वाढवत नेला तर खांद्याची शिवण दंडावर उतरते, गळा उघडा पडतो, मुंढा खाली येतो आणि हात वर केला की अख्खा कपडा वर ओढला जातो. म्हणून मोठ्या मापांसाठी वेगळा मूळ नमुना बेतावा लागतो आणि तो त्याच अंगाच्या स्त्रीला घालून तपासावा लागतो. हे काम खर्चाचे आहे. ते टाळून केवळ लेबलवर मोठे नंबर चढवणाऱ्या श्रेणीला मी सर्वसमावेशक म्हणणार नाही.

यावर व्यापारी म्हणतो, मोठी मापे खपत नाहीत. दाखला म्हणून ओल्ड नेव्हीचे नाव निघते. या अमेरिकी साखळीने २०२१ मध्ये ० ते २८ नंबरचे कपडे एकाच किमतीत सगळ्या दुकानांत ठेवले आणि पुढच्याच वर्षी काही दुकानांतून ती व्याप्ती कमी केली. मात्र तिथे मधली मापे संपत होती, तर दोन्ही टोकांची, म्हणजे अगदी लहान आणि अगदी मोठी, पडून राहत होती. कोणत्या दुकानात कोणते माप किती पाठवायचे, याचा अंदाज चुकला होता. शिवाय वर्षानुवर्षे जिथे आपले माप मिळालेच नाही, त्या दुकानाची पायरी बाई एका हंगामात पुन्हा चढत नाही. कापड जास्त लागते म्हणून दर जास्त, हा युक्तिवादही तपासावा. मार्क्स अँड स्पेन्सर ही ब्रिटिश साखळी मोठ्या कपच्या ब्रावर दोन पौंडांपर्यंत जादा घेत असे. हजारो ग्राहकांनी मोहीम चालवल्यावर २००९ मध्ये ती आकारणी बंद झाली. एस आणि एल मापांच्या कापडातही फरक असतोच, पण त्यांचा दर बहुधा एकच असतो.

राहिला आरोग्याचा आक्षेप: मोठी मापे आणि भरल्या अंगाचे पुतळे लठ्ठपणाला उत्तेजन देतात. आरोग्याची काळजी खरी असेल तर ती दोन्ही बाजूंनी हवी. इंग्लंडमधील दोन शहरांतल्या दुकानांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत पाहिलेला प्रत्येक स्त्री-पुतळा वैद्यकीयदृष्ट्या कमी वजनाच्या शरीराचा निघाला. डेबनहॅम्स या दुकानसाखळीने २०१३ मध्ये लंडनच्या दुकानात १६ नंबरचे पुतळे उभे केले, ते ब्रिटिश स्त्रीच्या सरासरी मापाच्या जवळचे होते. मुळात कपडा सगळ्यांनाच लागतो. चालायला किंवा पोहायला जाणारीला तर आधी लागतो. आणि लाजवल्याने वजन उतरते का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१४ मध्ये २,९४४ प्रौढांचा चार वर्षांचा अभ्यास मांडला. वजनावरून भेदभाव सोसल्याचे सांगणाऱ्यांचे वजन सरासरी ०.९५ किलोने वाढले होते, इतरांचे ०.७१ किलोने घटले होते. यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण लाजवण्याच्या उपायाला या आकड्यांत कुठेच आधार सापडत नाही.