नकाशावरचा रंग आणि धुराचा हिशेब

1992चं ऑलिंपिक बार्सिलोनात झालं, 1996चं अटलांटात. त्या सुमारास दोन्ही शहरांची लोकसंख्या उन्नीस-बीस होती: बार्सिलोना 28 लाख, अटलांटा 25 लाख. बार्सिलोनाची वस्ती 162 चौरस किलोमीटरमध्ये मावत होती. अटलांटाची किती जागेत पसरली होती? 4,280 चौरस किलोमीटर! माणसं थोडी कमीच, जागा मात्र सव्वीसपट.

नगररचनातज्ज्ञ अलां बेर्तो यांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि त्यांतून एक अजब हिशेब निघाला. बार्सिलोनात तेव्हा 99 किलोमीटर मेट्रो होती आणि 60 टक्के लोक स्थानकापासून 600 मीटरांच्या आत राहत होते. अटलांटातही 74 किलोमीटर मेट्रो होती, पण स्थानकापासून 800 मीटरांच्या आत राहणारे जेमतेम 4 टक्के. बार्सिलोनाइतक्या लोकांच्या दाराशी मेट्रो न्यायची, तर अटलांटाला 3,400 किलोमीटर रूळ आणि 2,800 नवी स्थानकं लागली असती. हा खर्च कोण करणार? तिथला माणूस गाडीची किल्ली उचलतो, यात नवल ते काय!

एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. ते जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलपेक्षा त्याचा धूर तिप्पट जड, कारण जळताना प्रत्येक कार्बन अणू हवेतले दोन ऑक्सिजन अणू पकडतो. आता दूध, शाळा, कचेरी, दवाखाना अशा प्रत्येक फेरीला हे लावून पाहा. अटलांटात वाहतुकीमुळे होणारं दरडोई उत्सर्जन बार्सिलोनाच्या जवळपास दहापट भरतं, ते असं.

ही अंतरं आली कुठून? अमेरिकेत घरांचा विभाग वेगळा, दुकानांचा वेगळा, कारखान्यांचा वेगळा, अशी कायदेशीर वाटणी रूढ झाली. 1926मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. कित्येक भागांत तर एका भूखंडावर एकाच कुटुंबाचं घर, एवढीच मुभा. मग कोपऱ्यावर वाण्याचं दुकान निघणार कसं?

बार्सिलोनाचा नकाशा मात्र इल्देफोन्स सेर्दा यांनी 1859मध्ये आखला, मोटारगाडीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. जुन्या तटबंदीतली कोंडी आणि रोगराई हटवायची, हा त्यांचा ध्यास. एशाम्पला भागातले त्यांचे इमारतींचे चौकोनी गट आजही तसेच आहेत: प्रत्येक बाजू सुमारे 113 मीटर, चारही कोपरे तिरके कापलेले, बहुतेक रस्ते 20 मीटर रुंद. तळमजल्यावर दुकानं, वर बिऱ्हाडं. सेर्दांना प्रत्येक गटाच्या दोनच बाजूंना इमारती आणि मध्ये बाग हवी होती. जागामालकांनी चारही बाजू बांधून काढल्या. बागा गेल्या, दाटी वाढली. त्या लोभाची किंमत शहर हिरवळीत मोजतं आहे, पण त्याच दाटीने अंतरंही आखडली. दाटी म्हणजे निव्वळ पुण्य नव्हे, हेही त्यात आलंच.

गाडी पंधरा-वीस वर्षांत भंगारात जाते, रस्त्यांची आखणी शतकं टिकते. विजेच्या गाड्या आल्या तरी लांब अंतरं लांबच राहणार. शिवाय शहर जितकं पसरेल, तितकी शेतं आणि झाडी जाते, माती आणि खोडांत साठलेला कार्बन सुटतो.

कुठल्या जमिनीवर काय बांधायचं, हा निर्णय आपल्याकडे 1966च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखालच्या विकास आराखड्यात होतो. त्याच्या नकाशावर शेतीच्या हिरव्या पट्ट्यातला सर्व्हे नंबर घरांच्या पिवळ्यात आला की जमिनीचा भाव काय होईल, हे गावात प्रत्येकाला तोंडपाठ असतं. तिथे राहायला येणाऱ्यांना बस, शाळा, मंडई पायी गाठता येईल का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. पुढच्या शंभर वर्षांचा धूर तिथे ठरत असतो, आणि त्यावर लेखी हरकत घेता येते.