गोचीड कुत्र्यावर कमी, कुडात जास्त

अंगणातल्या कुत्र्याचे गोचीड आपण ओढून काढतो, रॉकेलमध्ये टाकतो, अन् आठ दिवसांनी परत तेच. का बरं? कारण बाकीची फौज अंगावर नसतेच.

कुत्र्याचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो. दर वेळी पोट भरलं की गळून पडतो. पुढची कात टाकतो ती खोपटाच्या फटीत. मादी हजारो अंडी घालते तीही फटीतच, बरेचदा वर, छपराजवळ. प्रौढ गोचीड कित्येक महिने उपाशी राहतो, म्हणून खोपटं आठवडाभर रिकामं ठेवून काही होत नाही.

आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, खोपटं म्हणजे तुराट्यांचा कुड अन् वर टिन. फटीच फटी! बाबांनी एकदा कपाशीचं उरलेलं औषध तिथे फवारायला काढलं, मी अडवलं. मोनोक्रोटोफॉस मज्जातंतूंतलं जे विकर बंद पाडतं, ते किड्यात असतं तसं कुत्र्यात अन् आपल्यातही. शिवाय कुत्रा अंग चाटतो. 2017 च्या फवारणीत जिल्ह्यात काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको.

त्यापेक्षा कुड आतून-बाहेरून शेणमातीने लिंपा, थेट छपराच्या सांध्यापर्यंत. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा लगेच बुजवा. खालचं गोणपाट उकळत्या पाण्यात टाका. अंगावरचं औषध मात्र पशुवैद्यकाने वजन बघून दिलेलंच, आणि त्याच आठवड्यात.

गोचिडातून एर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात जातो, प्लेटलेट्स घटतात. आमच्या आधीच्या कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा मे महिना होता. आम्ही म्हटलं, उन्हाने घोळणा फुटला असेल.