मोटारीचा प्राणवायुमापक व तो बसविण्याची रीत

पेट्रोलच्या मोटारींत इंजिनाचा पिवळा दिवा लागला कीं पुष्कळ मिस्त्री ‘ऑक्सिजन सेन्सर गेला’ असें सांगून मोकळे होतात, व मालक निमूटपणें पैसे मोजतो. ही घाई आम्हांस पसंत नाहीं.

एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. जळाल्यावर धुरांत प्राणवायु कितपत उरला हें इंजिनाच्या नियंत्रकास कळविणें, एवढेंच या सेन्सरचें काम. त्याचें टोंक झिर्कोनियाचें असून त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. तें सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें म्हणजे काम देऊं लागतें. १९७६ सालीं स्वीडनच्या व्होल्व्हो मोटारींत तो प्रथम बसविला गेला. शिसें मिसळलेल्या पेट्रोलानें तो निकामी होई. आपल्याकडे तें पेट्रोल २००० सालीं बंद झालें.

आमची हयात महसूल खात्यांत गेल्यामुळें दृष्टांतही तिकडचाच सुचतो. तलाठी कितीही प्रामाणिक असो, भलत्याच बांधावर उभें राहून त्यानें पीकपाहणी लिहिली तर वरचा हुकूम चुकणारच. येथेंही तसेंच होतें. इंजिन व सेन्सर यांमधील नळीस भेग असली, किंवा सांध्याचें पॅकिंग उडालें असलें, तर बाहेरची हवा आंत शिरते. सेन्सर बिचारा ‘प्राणवायु फार आहे’ असें कळवितो, आणि नियंत्रक पेट्रोल वाढवीत बसतो. अशा ठिकाणीं नवा सेन्सर बसविला तरी तोही तेंच सांगेल! पेट्रोल तर जातेंच. शिवाय न जळलेल्या पेट्रोलानें पुढील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतिशय तापून बिघडतो, व त्याची किंमत सेन्सरहून कितीतरी अधिक. म्हणून प्रथम नळी तपासावी. धान्याच्या कोठाराजवळ मोटार उभी करणारांनीं उंदरांनीं तारा कुरतडल्या नाहींत ना हेंही पाहावें. सेन्सरला तापविण्याची तार असल्यास तिचा फ्यूजही पाहावा.

इतकें करूनही दोष सेन्सरचाच ठरला तर बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. नळी कोमट असतां आटे सैल सुटतात. लालबुंद असतां हात लावूं नये. पाना बहुधा २२ मिलिमीटरचा लागतो, व तार बाहेर राहण्यासाठीं त्यास खांच असावी. गंजलेल्या आट्यांवर आदल्या रात्रीं तेल सोडावें. जोर केल्यास नळीचे आटे जातात. कन्व्हर्टरच्या आधींचा सेन्सर व नंतरचा सेन्सर यांची अदलाबदल करूं नये. नव्याच्या आट्यांस न चिकटण्याचें वंगण पुष्कळदां लावूनच येतें. नसल्यास थोडें लावावें, परंतु टोंकास त्याचा स्पर्शही होऊं देऊं नये. सिलिकोनचें लुकण तर जवळ आणूंच नये, त्याच्या वाफेनें टोंक मरतें. आधीं हातानें फिरवावा, मग मोटारीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावा. तार पिळूं नये; तापणाऱ्या नळीपासून दूर बांधावी.

शेवटीं बॅटरी जोडून स्कॅनरनें जुनी नोंद पुसावी, आणि इंजिन थंड असतांनाच सुरू करून आट्यांपाशीं फुसफुस ऐकूं येते काय तें पाहावें.